आप्पांच्या गाठी

आमच्या भिवंडीत वीज गेली की तान्ही पोरं दचकून उठायची. इतर गावांत पोरं आवाजाने उठतात, आमच्याकडे आवाज थांबला की उठायची. भिंतीच्या पलीकडे लूम, गल्लीच्या पलीकडे लूम, खाली लूम आणि वर आम्ही भाडेकरू. खटक-खटक-खटक हा एकच ठेका रात्रंदिवस अंगात इतका मुरलेला असायचा की तो ऐकू येतोय हेच कुणाच्या ध्यानात यायचं नाही. लोडशेडिंगची वेळ झाली की तो मध्येच तुटायचा, आणि मग पाळण्यातलं पोर टाहो फोडायचं, म्हातारी माणसं 'काय झालं, काय झालं' करत उठून बसायची. बोलायचोही आम्ही सगळे ओरडूनच. लग्न होऊन मी सासरी गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, मी काही बहिरी नाही." आता माझे केस पांढरे व्हायला लागले तरी माझा आवाज काही खाली आलेला नाही. नातेवाईक म्हणतात, हिला फोन कशाला दिलाय, खिडकीतून हाक मारली तरी पोचेल. म्हणोत बापडे.

माझे वडील, आप्पा, लूमवर जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेलं लूम मांडीवरच्या पोरासारखं चुचकारून पुन्हा चालू करणारा माणूस. त्या शेडमध्ये कानाला तोंड लावून ओरडलं तरी काही ऐकू येत नसे, म्हणून तिथे सगळा कारभार हाताच्या खुणांनी चालायचा. दोन मुठी जवळ आणून फटकन लांब नेल्या की धागा तुटला. तळहात पालथा करून खाली दाबला की लूम बंद. आणि तोच तळहात धोट्यासारखा इकडून तिकडे, इकडून तिकडे झुलवला की लूम चालू. आप्पांनी या खुणा घरी आणल्या आणि आईने त्या उचलल्या. आई कधी लूमवर गेली नव्हती, पण भाकरी थापता थापता पिठाच्या हाताने ती मला खुणा करायची. आप्पांची दुसरी कला म्हणजे गाठ. तुटलेल्या धाग्याची दोन टोकं बोटांत धरायची, डोळ्याची पापणी लवते न लवते तोच गाठ तयार, आणि इतकी बारीक की कापडात शोधून सापडायची नाही. ओढाल तेवढी आवळणारी गाठ ती. धागा दुसरीकडे तुटेल, पण ती सुटायची नाही. नवी पोरं ती शिकायला आप्पांच्या मागे मागे फिरायची.

मी अकरावीला गेले त्या वर्षी आप्पांची छाती भरली. कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षं नाकातोंडात जाऊन बसलेली. खोकल्याची उबळ आली की ते भिंतीला धरून उभे राहायचे. डॉक्टरांनी साफ सांगितलं, लूमच्या शेडमध्ये पुन्हा पाऊल टाकायचं नाही. आईने कापड शिवायचं काम घेतलं, थोरला दादा वळ गावच्या गोदामात लागला, घर कसंबसं चालत होतं, तो प्रश्न नव्हता. प्रश्न आप्पांचा होता. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. खायला दिलं तर चार घास खायचे, विचारलं तर हूं म्हणायचे. पलीकडची लूमं चालू असली की त्यातल्या त्यात बरे असायचे, वीज गेली की ताडकन उठून बसायचे आणि वेड्यासारखे इकडेतिकडे बघायचे. ती शांतता त्यांना चावायची. मी कॉलेजातून आले की गल्लीच्या तोंडापासूनच वर बघायची. आई कठड्यापाशी उभी असायची आणि आप्पांना कळू नये म्हणून हातानेच सांगायची. तळहात पालथा, खाली दाबलेला. बंद. रोज तेच. पुढे पुढे मला वर बघायचीच भीती वाटायला लागली. एकदा आई मला म्हणाली, "हा माणूस खोकल्याने नाही जायचा, हा असाच भिंतीकडे बघत बघत जाईल." आईच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं.

वाट दाखवली ती खैरून चाचीने. चाची आमच्या शेजारची, तिचा नवरा लूमवरचाच, ती कांड्या भरणारी, आणि तिचं तोंड आमच्या सगळ्या गल्लीला पुरून उरणारं. ती एक दिवस दारात येऊन म्हणाली, "भाभी, शेलार गावच्या रस्त्याला हिराबाय जमीन देते भाड्याने. छोटे छोटे तुकडे. मैंने तो ले लिया. भाईसाब को भेजो ना, घर में पडे पडे लोहा भी सड जाता है." हिराबाय म्हणजे तिकडच्या आगरी कुटुंबातली कर्ती बाई. लूमच्या शेडा संपतात त्याच्या मागे तिची भातजमीन होती. दिवाळीच्या सुमाराला भात निघालं की जमीन होळीपर्यंत मोकळी, मग ती तिचे वाफे पाडून शहरातल्या लोकांना भाजीला द्यायची. भाडं अगदी नावाला. तिच्या मुलांना तिथे गोदाम बांधायचं होतं, पण हिराबाय म्हणायची, "मी हाय तवर माती हाय. पुढचं पुढं." तिची अट मात्र एकच होती आणि ती कडक होती. भोगीच्या दिवशी शेतात एकच मोठं मडकं चढायचं आणि प्रत्येक वाफेवाल्याने आपल्या वाफ्यातली मूठभर भाजी स्वतःच्या हाताने त्यात घालायची. ज्याच्याकडे मूठ भरत नाही त्याचा वाफा दुसऱ्याला. तिच्या सासूने घालून दिलेली रीत होती ती, आणि हिराबायपुढे रीत मोडायची कुणाची टाप नव्हती.

आईने आप्पांना विचारलंच नाही, त्यांच्या नावाने वाफा घेऊन टाकला. आप्पा म्हणाले, "मला काय कळतंय शेतीतलं?" आई म्हणाली, "नुसतं पाणी घाला, बाकी देव घालेल." पहिले काही दिवस आप्पा पाणी घालून यायचे आणि परत भिंतीकडे. मग घेवड्याचे कोंब वर आले, आणि कसं कोण जाणे, आप्पांची नजर त्यात अडकली. कोंब वाकडे येतात, रांग सोडतात, हे त्यांना खपेना. त्यांनी सुतळी धरून रांग सरळ केली. बांबूच्या कामट्या रोवल्या, त्याही एका उंचीच्या. एका संध्याकाळी घरी येऊन त्यांनी आपणहून आईला विचारलं, "आज काय केलंयस गं?" मेथीची पातळ भाजी आणि ज्वारीची भाकरी होती, साधीच. दोन भाकऱ्या खाल्ल्या त्यांनी. आई दुसरीकडे तोंड करून तवा घासत बसली, आणि तवा स्वच्छ झाला तरी तिचा हात थांबेना.

त्या शेतातले वाफेवाले जवळजवळ सगळे लूमचेच लोक होते हो. कुणी कांड्या भरणारं, कुणी ताणा लावणारं, कुणी शिफ्ट संपवून थेट पाणी घालायला येणारं. शेतीचं कुणालाच धड ठाऊक नव्हतं, पण सगळ्यांना वाटायचं आपल्याला कळतं. त्यात डिसेंबरात हिराबायची लेक बाळंतपणाला टेकली, म्हणून हिराबाय खारबावला तिच्याकडे जाऊन राहिली. नेमके तेव्हाच वेल भराभरा वाढायला लागले, आणि ते कामट्यांना बांधायची वेळ आली. कुणी चिंध्या बांधल्या, कुणी रद्दी सुतळी, सगळं गचाळ. आप्पांना ते बघवेना. त्यांनी शेडमधल्या जुन्या दोस्ताकडून पॉलिस्टरच्या उरलेल्या कांड्या आणल्या, त्या धाग्याला पीळ दिला आणि आपले वेल बांधले. पेरापेराला एक गाठ, सगळ्या सारख्या अंतरावर, लूमवरची. लोक बघायला आले. चाची म्हणाली, "या अल्ला, ये तो दुल्हन जैसा सजाया है! भाईसाब, मेरा भी कर दो." मग काय, आप्पा एकेकाच्या वाफ्यात शिरले. दुधी, घेवडा, कारली, दिसेल तो वेल त्यांनी बांधला. मी कॉलेजातून परस्पर शेतावर जायची आणि आप्पा लोकांत बसलेले दिसायचे, खोकत, पण बोलत. एकाने म्हटलं, "जॉबर, तुमच्या गाठीला तोड नाही." आप्पा लाजले. अगं बाई, आप्पा लाजताना मी कधी पाहिले नव्हते! त्या दिवसांत आई कठड्यापाशी उभीच राहायची नाही, तिला गरजच नव्हती.

आता मी माझ्या गॅलरीत कारल्याचा वेल लावते तेव्हा त्याला जुन्या साडीची मऊ पट्टी बांधते आणि आत दोन बोटं जातील एवढी जागा ठेवते. पण हे शहाणपण तेव्हा आमच्यात कुणाकडे असतं तर!

जानेवारी उजाडला तशी वेलांची शेंड्याकडची पानं पिवळी पडायला लागली. आम्ही म्हटलं थंडीने असेल. चाचीच्या वेलावरचे कोवळे दुधी वाटीएवढे होऊन गळायला लागले. आम्ही म्हटलं पाणी कमी पडलं, मग ढीगभर पाणी ओतलं. भोगी आठवड्यावर आली आणि हिराबाय खारबावहून परत आली. बांधावरूनच तिला दिसलं की काहीतरी बिनसलंय. ती खाली उतरली, एक वेल हातात धरला, पानं बाजूला केली आणि तिने जी हाळी दिली ती पार शेडांपर्यंत गेली असेल. "आरं, माज्या वेलांना फाशी कुनी दिली रं?" सगळे धावले. वेलाचं देठ जाड झालं होतं, पण पॉलिस्टरचा धागा काय सैल होतोय! तो चामडीत रुतावा तसा देठात रुतला होता. वर सुकलेलं, खाली फुगलेलं. प्रत्येक पेराला. हिराबाय म्हणाली, "केळीच्या सोपानं, म्हंजी खांबाच्या सालीनं बांदायचं असतं ते, नाय तं पेंढ्यानं. वेल वाढतो तसा त्यो सैल व्हतो, मग कुजून जातो. ही असली गाठ? वेल हाय का चोर हाय?"

कुणी काही बोलायच्या आत आप्पा पुढे झाले. "मी बांधलं," म्हणाले. "सगळ्यांचं मीच बांधलं." मी आप्पांच्या तोंडाकडे बघत होते आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं. चाची तडकली, "मेरी लौकी का गला घोंट दिया भाईसाब!" आणि लगेच स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला, कारण हट्ट तिनेच धरला होता. गाठी हाताने सुटण्यातल्या नव्हत्याच. आप्पांनी खिशातून कटर काढलं, धागे तोडायची ती स्प्रिंगची छोटी कात्री, जी लूमचा माणूस घरात ठेवत नाही, अंगावरच ठेवतो. ते चाचीच्या वाफ्यात गुडघ्यावर बसले आणि एकेक गाठ कापायला लागले. मग चाचीने कमरेच्या पिशवीतून तिचं कटर काढलं. मग आणखी कुणी. बघता बघता सगळ्या शेतात कटरांचा कट-कट आवाज सुरू झाला. हिराबाय कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "ह्ये येक बरं हाय तुमचं. बांदतावबी तुमीच, कापतावबी तुमीच." लोक हसले. आप्पा हसले नाहीत. ते एका वाफ्यातून दुसऱ्यात जात राहिले, प्रत्येकाला 'मी बांधलं होतं' म्हणत. स्वतःचा वाफा त्यांनी सगळ्यांत शेवटी घेतला, आणि तो सगळ्यांत जास्त करपलेला होता, कारण तिथे गाठी सगळ्यांत आधी पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीच्या तोंडाशी आले आणि न राहवून वर बघितलं. आई कठड्यापाशी उभी होती. तळहात पालथा, खाली दाबलेला.

तो आठवडा मला आठवतो तो नुसता भीतीचा. आप्पा भिंतीकडे तोंड करून. वीज गेली की ताडकन उठून बसलेले. पूर्वी तरी खोकला हे निमित्त होतं, आता त्यांना वाटत होतं की आपल्या हाताला जे एकमेव चांगलं येत होतं तेच वाईट निघालं. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण एकदा मी बघितलं, ते आपली बोटं डोळ्यांपुढे धरून उलटीसुलटी करून बघत होते. मला रडू कोसळलं. आई आणि मी वाफ्याला पाणी घालत राहिलो, कशासाठी ते आम्हालाही ठाऊक नव्हतं. भोगीच्या आदल्या संध्याकाळी आई म्हणाली, "उद्या तुम्हाला यावं लागेल. वाफा तुमच्या नावाचा आहे, मूठ तुमचीच लागते." आप्पा भिंतीला म्हणाले, "त्यात काय उरलंय? दे म्हणावं दुसऱ्याला."

भोगीला पहाटेची न्हाणी उरकून आई बाजरीच्या भाकऱ्या थापायला बसली. घरभर तिळाचा वास सुटला होता. मी कुणाला न सांगता शेतावर गेले. खरं तर एकदा शेवटचं बघून यावं, एवढंच मनात होतं. वर कामटीला चिकटलेला सगळा पाला कागदासारखा वाळलेला. पण मी खाली वाकून पानं बाजूला केली, आणि जिथे पहिली गाठ होती, तिच्या खालून, वेलाच्या बुडाशी नवे फुटवे आलेले. हिरवेगार. वर जायला वाट नाही म्हणून आडवे पसरलेले, मातीला लागून, आणि त्यांना शेंगा. कोवळ्या, बोटाएवढ्या, पण शेंगा! मी अधाशासारखी तोडत सुटले. ओढणीत बांधून पळत घरी आले, आप्पांच्या पाठीशी बसले आणि त्यांचा हात ओढून त्या शेंगा तळहातावर ठेवल्या. त्यांनी न बघताच बोटांनी चाचपल्या. जॉबरची बोटं ती, डोळ्यांच्या आधी त्यांना कळायचं.

"कुठल्या?"

"तुमच्या."

"खोटं बोलू नको. चाचीच्या वाफ्यातल्या आणल्यास."

"मग या आणि बघा," मी म्हटलं. रागानेच म्हटलं. मला खरंच राग आला होता. "सगळ्या शहराची लूमं तपासत फिरलात, आता स्वतःचा वाफा तपासायला काय झालं?" आई तव्याजवळून बघत राहिली. आप्पांशी असं कुणी बोलत नसे. आप्पा उठून बसले. मला वाटलं आता थोबाडीत बसते. त्यांनी सदरा मागितला.

शेतावर गेल्यावर ते कुणाशी बोलले नाहीत. सरळ आपल्या वाफ्यात जाऊन गुडघ्यावर बसले आणि एकेक फुटवा हातात घेऊन तो कुठून निघालाय ते बुडापर्यंत तपासू लागले, जसा तुटलेला धागा ते मागे मागे शोधत जायचे तसा. खात्री झाली तेव्हा त्यांनी मी तोडलेल्यांत आणखी दोन शेंगा घातल्या, हिराबायच्या मडक्यापाशी गेले आणि मूठ पुढे केली. "एवढंच आहे," म्हणाले. "पुरत नसेल तर वाफा परत घे. माझी तक्रार नाही." हिराबायने त्यांची मूठ आपल्या दोन्ही हातांनी धरली, उघडली, बघितली. "मूठ भरली का न्हाय?" तिने आम्हा सगळ्यांनाच विचारलं. चाची ओरडली, "भर गई, भर गई! अब डालो भी, भूक लगी है." आप्पांनी शेंगा मडक्यात सोडल्या.

वांगी, गाजर, हरभरा, बोरं, दाणे, सगळं आत गेल्यावर मडक्याच्या तोंडावर केळीचं पान घालून ते बांधायचं होतं. हिराबायने भिजवलेल्या सोपाची लांब पट्टी आप्पांच्या हातात दिली. "घे जॉबर, आता शीक." आप्पांनी बांधली. मडकं शेकोटीवर बसलं, तिळाचा आणि मसाल्याचा वास पान फोडून बाहेर यायला लागला, सगळ्यांच्या ताटल्या पुढे आल्या, आणि तोंड उघडायला हिराबायने गाठीला हात घातला. गाठ सुटेना. चाचीने प्रयत्न केला. सुटेना. आणखी कुणी कुणी वाकलं. वाफ चटके देत होती आणि गाठ आणखी घट्ट होत होती. मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं आणि सगळे आप्पांकडे वळले. आप्पा म्हणाले, "अरे देवा. हाताला दुसरी येतच नाही हो." हिराबाय खाली बसली, पोट धरून हसायला लागली. चाची तर बांधावर आडवीच झाली. आणि आप्पा हसले. आधी नाकातून, मग तोंडाने, मग खोकला आला, खोकता खोकता हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि खिशातून कटर काढून त्यांनी ती गाठ कापली.

आज तिथे गोदाम आहे. माहेरी गेले की रिक्षा त्यावरूनच जाते, लांबलचक पत्र्याची भिंत आणि ट्रक. हिराबाय गेली, त्यानंतर बरीच वर्षं जगून आप्पाही गेले, पण भिंतीकडे बघत नाही गेले. मला त्या गोदामाचं फार वाईट वाटत नाही, खरं सांगते. आम्हाला जे मिळायचं होतं ते मिळून गेलं होतं.

तर त्या दिवशी आम्ही शेतात मांडी घालून जेवत होतो. बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, आणि ती सगळ्यांच्या हातची भाजी. आमच्या मागे शेडांमधून लूमचा ठेका चालला होता, आणि तो मध्येच तुटला. वीज गेली. सगळ्या शहरावर ती शांतता पडली, आणि शेतातली सगळी लूमची माणसं, घास हातात धरून, एकदम मान वर करून बघायला लागली. मी घाबरून आप्पांकडे बघितलं. ते मान खाली घालून जेवत होते. त्यांना पत्ताच नव्हता. भाकरीचा तुकडा भाजीत बुडवत ते म्हणाले, "मीठ जरा कमी पडलंय." मी आईकडे बघितलं. ती पलीकडे बसली होती, हात भाजी-लोण्याने माखलेला. तिने तो हात उचलला, आणि सगळी भिवंडी बंद पडलेली असताना माझ्याकडे बघत तळहात इकडून तिकडे, इकडून तिकडे झुलवला.